वाचकांचे प्रश्न : "ह्या उसाला कीड लागतच नाही" म्हणतात, खरं का?

या खेपेला आलेली पत्रं नि व्हॉट्सॲप मेसेज वाचत बसलो तर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, कुठला ऊस लावला म्हणजे कीड येणार नाही. प्रत्येकाला कुणीतरी काहीतरी सांगितलंय, नर्सरीवाल्यानं, पाहुण्यानं, यूट्यूबवरच्या व्हिडिओनं. म्हणून आजचं सदर सगळं ह्याच विषयाला दिलं. पाठवणाऱ्यांची नावं छापत नाही, भाग तेवढा दिलाय.

प्रश्न : फेब्रुवारीत एक एकर सुरू हंगामाची ऊस लागण केली, रोपं नर्सरीतनं आणली. नर्सरीवाला म्हणाला हा वाण खोडकिडीला प्रतिकारक आहे, औषधाची गरजच नाही. आता दीड महिना झाला तर ठिकठिकाणी पोंगे, म्हणजे फुटव्याची मधली कोवळी पानं, वाळायला लागलेत. मला वाण खोटा दिला का? (वाळवा तालुका, जि. सांगली)

उत्तर : दादा, वाण खोटा असेलच असं नाही, पण बोलणं नक्की खोटं होतं. उसात खोडकीड अजिबात लागत नाही असा लागवडीतला एकही वाण आपल्याकडं नाही. वाणाचं सरकारी पत्रक काढून नीट वाचा, त्यात "कमी प्रमाणात बळी पडते" असं लिहिलेलं असतं, आणि ह्या "कमी" ला एक माप आहे. अखिल भारतीय समन्वित ऊस प्रकल्पाच्या चाचण्यांत कीटकशास्त्रज्ञ पोंगामर, म्हणजे पोंगा वाळून मेलेले फुटवे, मोजतात, शंभरात १५ पर्यंत फुटवे मेले तर तो वाण कमी बळी पडणारा, १५ ते ३० मेले तर मध्यम आणि ३० च्या वर गेले तर जास्त बळी पडणारा. म्हणजे चांगल्यातला चांगला शेरा मिळालेल्या वाणातही शंभरातले दहा-बारा पोंगे वाळलेले असू शकतात. पत्रकातला "कमी" नर्सरीच्या दारात येईपर्यंत "नाही" होतो आणि भोगायचं तुम्ही, ह्याची मला मनापासून चीड येते.

आता आधी खात्री करा की ही खोडकीडच आहे. वाळलेला पोंगा धरून वर ओढा. खोडकीड असेल तर तो सहज हातात येतो आणि बुडाला कुजका, आंबूस वास मारतो, एकदा घेतला की तो वास विसरत नाही. मग तोच फुटवा जमिनीलगत ब्लेडनं उभा चिरा. बुडाशी बारीक छिद्रं दिसतील आणि आत मळकट पांढरी अळी, तिच्या पाठीवर जांभळट पाच पट्टे असतात. पुढं पावसाळ्यात कांड्यांत जी कांडी कीड सापडते तिला चार पट्टे, आणि शेंडे किडीच्या अळीला पट्टेच नसतात, ती नुसती दुधाळ पिवळसर. एवढं ओळखता आलं तर दुकानदार सांगेल ते औषध डोळे मिटून घ्यायची वेळ येत नाही. पोंगा ओढूनही निघाला नाही तर मात्र कारण दुसरं आहे, तेव्हा घाई करू नका.

मग मोजा. प्लॉटमध्ये पाच ठिकाणी थांबा, बांधाकडेचं एक ठिकाण आणि मधली चार, प्रत्येक ठिकाणी सलग वीस फुटवे बघा, म्हणजे शंभर झाले, त्यात वाळलेले किती तो तुमचा टक्का. पंधराच्या आत असाल तर घाबरू नका. ऊस काय ज्वारी नाही की एक ताट गेलं म्हणजे एक कणीस गेलं. मुख्य कोंब मेला की बाजूचे डोळे जोर धरतात, आणि तसंही उसाला जेवढे फुटवे येतात त्यातले निम्मे पुढं आपोआप मरतात, शेवटी आपल्याला एकरी चाळीस-पंचेचाळीस हजार गाळपालायक ऊस पाहिजे असतात, तेवढे फुटवे राहिले की झालं. पंधराच्या वर असेल तर वाळलेले फुटवे अळीसकट जमिनीलगत कापून जाळा, लगेच हलकी बाळबांधणी करा, बुडाशी माती चढली की आतल्या पतंगाला बाहेर पडता येत नाही आणि नव्या अळीला फुटव्यात शिरायला अवघड जातं. सरीत पाचट पसरा आणि पाणी थोडं थोडं पण लवकर लवकर द्या, कारण ह्या किडीला तापलेली कोरडी जमीन लागते. ट्रायकोग्रामाची, म्हणजे किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या बारीक गांधीलमाशीची, कार्डं हेक्टरी पन्नास हजार अंड्यांच्या हिशेबानं दर दहा-पंधरा दिवसांनी, संध्याकाळी, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या अंगाला टाचा. औषधच घालायची वेळ आली तर क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार एकरी साडेसात किलो, मातीत ओल असताना, आणि लेबल वाचून.

राहिला वाणाचा प्रश्न. तोच वाण तुम्ही जुलैत आडसाली लावला असता तर बहुतेक हे पत्र आलं नसतं, कारण एप्रिल-मेच्या उन्हात ऊस कोवळा नसता सापडला. आडसालीतला "कमी" आणि सुरूतला "कमी" सारखा नसतो, नि पत्रक वाचताना हे कुणी सांगत नाही.

प्रश्न : मी कृषी डिप्लोमाला आहे. काही ऊस किडीला कमी बळी पडतो म्हणजे त्याच्यात नेमकं काय असतं? पुस्तकात तीन प्रकार दिलेत, पण शेतात ते ओळखायचे कसे? (बारामती)

उत्तर : बेटा, प्रश्न छान विचारलास, तुझ्या पुस्तकातले तीन प्रकार शेताच्या भाषेत सांगतो. पहिला, किडीला तो ऊस आवडतच नाही, मादी अंडी घालायला दुसरीकडं जाते. दुसरा, अंडी घातली तरी आत गेलेल्या अळीला तो ऊस मानवत नाही, ती मरते किंवा खुरटते. तिसरा, कीड लागते, खाते, पण ऊस ते सोसून पुन्हा उभा राहतो. आपल्या वाणांत तिसऱ्याचा वाटा फार मोठा आहे, खोडकिडीच्या बाबतीत तर फुटवा भरपूर असणं हाच निम्मा प्रतिकार असतो.

आता शेतात जा आणि हातानं बघ. सात-आठ महिन्यांच्या उसाचं कांडं धर आणि अंगठ्याचं नख रुतव. काही वाणांत नख चटकन रुततं, काहींत घसरतं. जिथं घसरतं तिथं नुकत्याच अंड्यातनं निघालेल्या अळीलाही कष्ट पडतात, कारण तिचा जबडा तो केवढा. मग पानाचं देठ, म्हणजे कांड्याला गुंडाळलेलं आवरण, ते सोडवून बघ. काही वाणांत ते इतकं घट्ट बसलेलं असतं की आतमध्ये काही शिरायला फटच नसते, काहींत सैल असतं आणि आत पावसाचं पाणी, काजळी नि पिठ्या ढेकणाची वसाहत सापडते. पाचट आपोआप गळणारा ऊस असेल तर खवले कीड आणि पिठ्या ढेकूण ह्यांना लपायला जागा उरत नाही. आवरणावर कूस, म्हणजे बारीक टोचरी लव, असली की तोडणी टोळीच्या अंगाची आग होते म्हणून शेतकरी आणि मजूर दोघंही बिनकुशीचा ऊस मागतात, पण लव-कूस ही छोट्या अळीच्या वाटेतली अडचण असते, म्हणजे माणसाला सोयीचा आणि किडीला गैरसोयीचा असा ऊस एकाच झाडात बसवणं किती नाजूक काम आहे बघ.

आणि ही ताणाताण फार जुनी आहे. आपल्याकडचा जुना पुंड्या ऊस, दातानं सोलून खायचा, मऊ नि रसाळ, म्हणून माणसाला आवडायचा आणि किडीलाही. चरबट, काटक गुण आला तो रानटी काशातनं, नदीकाठी पांढऱ्या तुऱ्याचं जे गवत वाढतं ना, ते उसाचं भाऊबंद. कोइमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झालं, तिथं बार्बर आणि वेंकटरामन ह्यांनी जाड गोड उसाचा त्या काशाशी संकर केला, त्यातनं निघालेला को २०५ हा १९१८ मध्ये पंजाबात लागवडीला आला. आज आपल्या रानात जो ऊस उभा आहे त्याच्या अंगात थोडं थोडं काशाचं रक्त आहेच. पण पुढं प्रत्येक पिढीत निवड झाली ती साखरेवर, टनेजवर आणि रोगांवर, किडीचा नंबर त्यानंतर लागला. ह्यात पैदासकाराला दोष देता येत नाही. शेतकऱ्याला टनेज पाहिजे, कारखान्याला साखरेचा उतारा पाहिजे, आणि एका संकरापासून वाण बाहेर यायला दहा-बारा वर्षं जातात, तेवढ्या काळात हजारो रोपांतनं एखादं टिकतं. त्या एकातच कडक साल, घट्ट देठ, भरपूर फुटवा, गोडी आणि तांबेऱ्याचा प्रतिकार सगळं मागायचं म्हणजे लग्नाच्या मुलीकडून मागतात तसल्या अपेक्षा झाल्या.

प्रश्न : आमच्या घरात अजून २००२ च्या लोकरी माव्याची आठवण काढतात. आता पुन्हा पानामागं पांढरं दिसायला लागलंय. कुठला वाण लावला तर हा त्रास होणार नाही? (शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर)

उत्तर : ताई, ती आठवण माझ्याही अंगावर आहे. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात मावा पहिल्यांदा दिसला आणि बघता बघता सगळ्या पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात पसरला. आमच्या उसात शिरून बाहेर आलं की शर्टाच्या बाह्या पीठ सांडल्यासारख्या पांढऱ्या व्हायच्या, पानं खालनं पांढरी आणि वरनं काळी, कारण माव्याच्या चिकट गोड पाण्यावर काजळी धरायची, जनावरं वाढं तोंडात घेईनात. वडलांनी तीन वेळा फवारलं, उंच उसात पाठीवर पंप घेऊन, चेहऱ्याला फडकं बांधून, आणि तिसऱ्या फवारणीनंतर पंधरा दिवसांत मावा पहिल्यापेक्षा जास्त. ह्या माव्याला नर लागत नाही, मादी एकटीच पिल्लं घालत सुटते, आणि आम्ही औषधानं त्याला खाणारे किडेच मारून बसलो होतो.

वाणाचं म्हणाल तर त्या साथीत आपल्याकडच्या कुठल्याही लोकप्रिय वाणाचं रान कोरं राहिलं नाही. फरक होता, उभट नि अरुंद पानाच्या उसात हवा खेळती राहायची, तिथं जरा कमी, आणि रुंद, लोंबत्या पानांच्या दाट उसात जास्त, पण युरियाच्या दोन जादा पोत्यांनी तो फरक पुसून जायचा. साथ आटोक्यात आली ती मित्रकिडींमुळं. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या थरात जाळं करून आतनं खात सुटते, मायक्रोमस नावाच्या मित्रकिडीची अळी तशीच खादाड, आणि पुढं ईशान्येकडनं एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी आणली गेली, ती माव्याच्या अंगातच अंडी घालते.

म्हणून आता वाण बदलायचा विचार सोडा, पान उलटं करून बघा. पांढऱ्या थरात जाळीसारखं काही दिसतंय का, हिरवट-करड्या अळ्या हलतायत का, माव्याची रिकामी सालं दिसतायत का? दिसत असतील तर पंपाला हात लावू नका. नसतील तर डिफाच्या हेक्टरी हजार किंवा मायक्रोमसच्या अडीच हजार अळ्या सोडायची शिफारस आहे, विद्यापीठाच्या केंद्रात नाहीतर कारखान्याच्या शेतकी खात्यात चौकशी करा. शेजाऱ्याच्या उसात मित्रकिडी असतील तर त्याच्याकडनं अळ्या असलेली पानं कापून आणा आणि तुमच्या माव्याच्या पानांवर अडकवा, पैसा लागत नाही.

प्रश्न : हुमणीला प्रतिकारक ऊस कोणता? (कर्जत, जि. अहिल्यानगर)

उत्तर : कुठलाच नाही. कुणी सांगून रोपं विकत असेल तर घेऊ नका. हुमणी जमिनीत मुळं खाते, तिथं साल कडक असून उपयोग काय? मुळं दणकट असलेला ऊस थोडा जास्त तग धरतो, एवढंच. तिचा बंदोबस्त वळवाचा पहिला दमदार पाऊस झाल्यावर, संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर भुंगेरे बसतात तेव्हा, आणि एकट्यानं नाही, सगळ्या शिवारानं मिळून. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. मादी मातीत अंडी घालायच्या आधी हे झालं तर जुलैनंतर जमिनीत मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी नि औषधं ओतत बसायची पाळी कमी येते, कारण वर्षाला तिची एकच पिढी असते.

प्रश्न : भाचा उत्तर प्रदेशात साखर कारखान्यावर नोकरीला आहे, तो म्हणतो को ०२३८ चं बेणं पाठवतो, तिकडं त्यानं क्रांती केली. लावू का? (माळशिरस तालुका, जि. सोलापूर)

उत्तर : काका, कृपा करून लावू नका, आणि बेणं तर मागवूच नका. ०२३८ हा कर्नालच्या केंद्रात डॉ. बक्षीराम यांनी काढलेला खरोखर मोठा वाण, २००९ मध्ये उत्तरेसाठी प्रसारित झाला, त्यानं तिकडचा उतारा नि टनेज दोन्ही वाढवलं, आणि एक वेळ अशी आली की उत्तर प्रदेशातल्या उसाच्या ८० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तो एकटाच. मग लाल कूज आली. तो बुरशीचा रोग आहे, कीड नाही, पण त्याच्या जोडीला शेंडे कीडही ह्या वाणावर तुटून पडली, तिकडं तिला चोटी बेधक म्हणतात. पानावर ओळीनं छिद्रं, मग मधला पोंगा काळपट, मग शेंड्याला फुटवे फुटून झाडूसारखा गुच्छ. आता तिकडचे शेतकरी तोच वाण बदलायच्या मागं लागलेत. बेण्यातनं लाल कूज इकडं आली तर तुमच्या एकट्याच्या रानात थांबणार नाही.

आपणही को ८६०३२ ह्या एका वाणावर किती वर्षं उभे आहोत ह्याचा विचार करा. गुणी ऊस, को ६२१९८ आणि कोसी ६७१ ह्यांचा संकर, आपल्याकडं नीरा म्हणून ओळखला जातो, माझ्याही शेतात आहे. पण गावच्या गाव एकाच वाणाचं असलं की त्याला चटावलेली कीड सापडायला वेळ लागत नाही. तुमच्या जमिनीला आणि कारखान्याच्या तोडणीला बसत असेल तर फुले २६५, फुले १०००१ किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे वाण ह्यातलं एखादं निम्म्या रानात आणा, आणि त्याआधी कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे गावात ऊसनोंद बघणाऱ्या माणसाला, किंवा शेतकी अधिकाऱ्याला विचारा, तोडीचा प्रोग्राम वाणावर ठरतो.

प्रश्न : कापसासारखा बीटी ऊस आला तर खोडकिडीचा प्रश्नच मिटेल ना? आपल्याकडं कधी येणार? (हिंगोली)

उत्तर : बीटी ऊस, म्हणजे किडीला मारणारं विष झाडातच तयार होणारा ऊस, जगात आलाय. ब्राझीलमध्ये जून २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, सीटीसी २० बीटी नावानं. पण त्यांची खोडकीड वेगळी, आपली वेगळी. भारतात असा ऊस लागवडीला मंजूर नाही, कुणी "बीटी रोप" म्हणून विकत असेल तर ती सरळ फसवणूक आहे.

मिटेल का ह्याचं उत्तर तुमच्याच भागातल्या कापूसवाल्यांना विचारा. २००२ मध्ये बीटी कापूस आला, सुरुवातीला बोंडअळी गायब, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाट्याच्या पऱ्हाट्या रिकाम्या केल्या. एकच विष रोज ताटात असलं की कीड ते पचवायला शिकते. ऊस तर लागण, मग तोडलेल्या बुडक्यातनं पुन्हा फुटलेला खोडवा, त्यानंतरचा निडवा करत तीन-तीन वर्षं जागेवर उभा असतो आणि शेजारी वर्षभर कुणाचा ना कुणाचा कोवळा ऊस असतोच. मी ह्या तंत्राच्या विरोधात नाही, पण किडीला आश्रय म्हणून बिगर बीटीच्या ओळी लावायची शिस्त आपण कापसात पाळली नाही, ती उसात पाळू असं मला आज वाटत नाही.

प्रश्न : सिलिकॉनची बाटली फवारली की ऊस कडक होतो आणि कीड लागत नाही असं सेल्समन सांगतो. घेऊ का? (निफाड)

उत्तर : सिलिकॉनमागं खरं काम आहे, म्हणून थेट नाही म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेत एल्डाना नावाची खोडकीड आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी जमिनीत कॅल्शियम सिलिकेट घालून बघितलं तर अळीला खोडात शिरायला जास्त वेळ लागला, नुकसान कमी झालं, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त फायदा झाला तो जास्त बळी पडणाऱ्या वाणांना, पाण्याचा ताण असताना. पण ते जमिनीत, मोठ्या मात्रेनं घातलेलं सिलिकेट होतं, पानावर मारलेली बाटली नव्हती. ऊस जमिनीतनं सिलिका भरपूर उचलतो आणि ती पाचटात, वाढ्यात साठते, आणि आपण तेच पाचट काडी लावून जाळतो किंवा बाहेर देतो. आधी दोन वर्षं पाचट सरीत कुजवा, कारखान्याची बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख मिळत असेल तर माती तपासून घाला, मग बाटलीचं बघू.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ मिळून शेती बघतो. आमच्याच रानात कुठला वाण किडीला कमी बळी पडतो हे आम्हाला स्वतः बघता येईल का, की त्याला शास्त्रज्ञच लागतात? (फलटण तालुका, जि. सातारा)

उत्तर : येईल, आणि तुम्ही तर भाग्यवान, पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र तुमच्याच तालुक्यात, १९३२ पासूनचं, खात्रीचं बेणं तिथनंच आणा. दोन वाण घ्या, तीन घेतले तर हिशेब बिघडतो. दोन्हीचं बेणं सारख्या वयाचं, नऊ-दहा महिन्यांचं, आणि लागण एकाच दिवशी. अर्धं रान ह्याचं नि अर्धं त्याचं असं करू नका, कारण ज्या बाजूला शेजाऱ्याचा खोडवा असेल तिकडनं कीड आधी शिरते आणि बिचाऱ्या एका वाणावर उगाच आळ येतो. पाच सऱ्या एकाच्या, पाच दुसऱ्याच्या, पुन्हा पाच पहिल्याच्या असे पट्टे पाडा, प्रत्येक वाणाचे तीन पट्टे झाले पाहिजेत. खत, पाणी, बांधणी सगळं सारखं, कार्डं टाचायची तर सगळीकडं नाहीतर कुठंच नाही.

पंचेचाळीस, साठ आणि नव्वद दिवसांनी प्रत्येक पट्ट्यात शंभर फुटवे मोजा, वाळलेले लिहून ठेवा. एक मोजेल, दुसरी लिहील, आणि कुठला पट्टा कुणाचा हे मोजणारीला आधी सांगू नका, मन नकळत एका बाजूला झुकतं. तोडणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातले वीस ऊस बाजूला घ्या, पाचट काढा, एकूण कांड्या किती आणि छिद्राच्या किती ते मोजा, छिद्राची कांडी आखूड नि दबलेली असते, हातालाच कळते. त्या वीस उसांचं वजनही करा, कारण एखाद्या वाणात छिद्रं जास्त दिसूनही वजन भरतं, तो सोसणारा ऊस. आकडे आले की आम्हाला पाठवा, लागणीची तारीख आणि जमिनीचा प्रकार लिहून, जसेच्या तसे छापू.